स्फटिक जागेवर आहे

४ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "कागदावर लिही, फोनवर तुम्ही नुसते हो-हो करता" म्हणून ठेवून देतेस. तेव्हा घे, लिहिते.

ज्या वर्कशॉपमध्ये तू एकोणतीस वर्षं चुंबकाच्या कॉइली गुंडाळल्यास, त्याच्याच डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, मला टेबल मिळालंय. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली कुणाचा तरी जाडजूड प्रबंध सरकवलाय, आणि त्या प्रबंधाचा जगाला एवढाच उपयोग झाला असं सगळे म्हणतात. शेजारी एकजण बसतो, त्याला होयबा म्हणतात. साहेब "आज गारठा आहे" म्हणाले की हा भर उन्हात स्वेटर चढवील. बाकीचे चौघे त्याच्याहून थोडे कमी. त्यातल्या त्यात डोकं असलेली मी एकटीच दिसते, म्हणजे बघ काय दर्जा आहे.

काम मात्र मोठं आहे. तुला सोपं करून सांगते. आमच्या धातूतल्या प्रत्येक अणूत एक बारीकसा लोहचुंबक आहे असं समज. खूप थंड केलं की हे सगळे शिस्तीत बसतात, एक वर तोंड करून, एक खाली. त्यातले इलेक्ट्रॉनही विचित्र, हजारपट जड असल्यासारखे रेंगाळतात. अशा धातूवर जबरदस्त चुंबकीय क्षेत्र लावलं की ती बैठक मोडते आणि दुसरी लागते. अशा प्रत्येक बैठकीला आम्ही अवस्था म्हणतो. तर चाळीस टेस्लाच्या पुढे (टेस्ला म्हणजे क्षेत्र मोजायचं माप) आम्हाला आलेखात एक लख्ख पायरी दिसली आहे. जगात कुणी न पाहिलेली अवस्था! वीस मेला बाहेरच्या समितीपुढे साहेब ती जाहीर करणार, लेखावर दुसरं नाव माझं, आणि त्यानंतर माझी नोकरी कायम.

साहेबांनी तुझ्या गुडघ्यांची आठवणीने चौकशी केली. गुडघ्यांमुळे तू लवकर निवृत्त झालीस याची त्यांना अजून हळहळ वाटते. वीस तारखेला ये. पहिल्या रांगेत बसवते.

तुझी,
ठमी


१२ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला त्या टाळीवाल्याला सात वर्षं लागली. टाळीवाला म्हणजे तुझे साहेब. वाक्य संपलं की टाळी पडेपर्यंत थांबतो तो. नीट बघ, हनुवटी जरा वर होते. तेव्हा तो साहेब नव्हता, माझ्या वर्कशॉपच्या दारात उभा राहून "बाई, माझी कॉइल आधी करा ना" म्हणणारा होता.

मला सोपं करून सांगितल्याबद्दल आभारी आहे. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी ती कॉइल हाताने गुंडाळत होते. तांब्याच्या तारेचा एक थर, त्यावर धाग्याची आवळपट्टी, पुन्हा तार. एक वेढा सैल राहिला तर कपॅसिटरांत साठवलेली सगळी वीज एका शॉटला, एका झटक्यात, आत शिरताच कॉइलीचे तुकडे भिंतीत घुसतात. माझी एकही फुटली नाही. तेव्हा टेस्ला म्हणजे काय ते मला माहीत आहे.

तुला तीनच गोष्टी विचारते. धातूचा तो बारीक स्फटिक पट्टीवर कशाने चिकटवता? तो किती वेळ सुकू देता? आणि ती लख्ख पायरी त्याच स्फटिकाच्या दुसऱ्या शॉटला दिसते का?

समारंभाला मी येणार नाही. पहिल्या रांगेत तर मुळीच नाही.

आत्या


२० मार्च

ती. आत्यास,
सा. न.

मी आनंदाची बातमी कळवली आणि तू गोंदाची चौकशी केलीस. धन्य आहेस.

वार्निशने चिकटवतो. पूर्वी रात्रभर सुकवायचे म्हणे, आता दोन तासांत काम होतं, कारण दिवसाला तीन शॉट तरी झाले पाहिजेत असा साहेबांचा हुकूम आहे. दुसऱ्या शॉटला पायरी दिसत नाही. आता "सापडले चोर" म्हणून उड्या मारू नकोस, त्याचंही उत्तर आहे. पहिल्या शॉटमध्येसुद्धा क्षेत्र चढताना पायरी दिसते आणि उतरताना दिसत नाही. साहेबांचं म्हणणं असं की धातू एकदा नव्या अवस्थेत शिरला की त्यातून पूर्ण बाहेर येत नाही, तो थकतो. म्हणून दर वेळी ताजा स्फटिक घ्यायचा. चढण्या-उतरण्यातला हा फरक म्हणजेच नव्या अवस्थेचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. असे पदार्थ खरोखर असतात, पुस्तकांत आहेत.

रागावू नकोस, पण कॉइल गुंडाळणं वेगळं आणि त्या कॉइलीत काय घडतं ते समजणं वेगळं. होयबासुद्धा यावर मान डोलावतो, आणि या वेळी साहेब खोलीत नव्हते.

बाबा विचारत होते, तू एवढी कडवट कधीपासून झालीस.

ठमी


२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

धातू थकतो! माझ्या हयातीत मी थकलेली माणसं पाहिली, थकलेले पंप पाहिले, थकलेला धातू तुमच्याच मजल्यावर जन्माला आला. पुस्तकांत असेल. तुझ्या वार्निशखाली आहे का, ते बघ आधी.

आता मी तुला सोपं करून सांगते. तुमचा स्फटिक सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. त्याला एक दिशा आवडते, दुसरी आवडत नाही. क्षेत्र वाढलं की ते त्याला पिळायला लागतं, लोहचुंबकाजवळ सुई फिरावी तसं. वार्निश पक्कं असेल तर तो बसून राहतो. कच्चं असेल तर एका क्षणी वार्निश सोडतं, स्फटिक वळतो आणि तुमच्या आलेखात उडी येते. एकदा वळला की उतरताना उडी कशी दिसेल? दुसऱ्या शॉटला कशी दिसेल? त्याला वळायला काही उरलेलंच नसतं. नव्याने चिकटवला की पुन्हा पायरी. ताजा स्फटिक कशाला, ताजं वार्निश म्हणा.

स्फटिकाच्या कडेला शाईचा ठिपका दे, पट्टीवर त्याच्या समोर दुसरा. शॉटनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघ. स्फटिक तांदळाच्या दाण्याहून लहान असला तरी ठिपके खोटं बोलत नाहीत.

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे, "जागेवर". शॉटनंतर स्फटिक बाहेर काढणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहायचा, जागेवर असेल तरच तसं लिहून सही करायची. तो कोण भरतं आणि कधी भरतं, तेही बघून ठेव.

दादाला सांग, मी कडवट जन्मापासून आहे. त्याच्या लक्षात उशिरा आलं.

आत्या


६ मे

आत्या,

दीड महिना लिहिलं नाही. आधी तुला खोटं ठरवायचं होतं म्हणून, मग तसं करता येईना म्हणून.

सहा स्फटिकांना ठिपके दिले. सहाही वळले. सर्वांत कमी नऊ अंश, सर्वांत जास्त चौदा. वार्निशला केसाएवढी भेग. एवढे दिवस कुणाला दिसलं नाही, कारण बाहेर काढला की स्फटिक सुटावा म्हणून आम्ही पट्टीसकट थेट वार्निश विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये टाकतो. बघतं कोण! आणि "जागेवर" हा रकाना तर होयबा सकाळी चहा पिता पिता भरून टाकतो, दिवसभराच्या सगळ्या शॉटचा, एकही शॉट व्हायच्या आत. मी विचारलं, तर म्हणाला, "अहो, नंतर गडबडीत राहून जातं. आणि जागेवर नसेल तर जाईल कुठे?" या माणसाच्या सहीवर जगात कुणी न पाहिलेली अवस्था उभी आहे. दहापैकी चार दिवस सही माझी आहे, तेही लिहून टाकते. मीही सकाळीच करत होते.

मी साहेबांकडे गेले. ते हसले. म्हणाले, "वळला असेल, पण नवी अवस्था आल्यामुळेच वळला असेल." मग हनुवटी वर केली आणि थांबले. तू म्हणालीस तसंच. त्या क्षणी मला त्यांची इतकी किळस आली की मी टाळी वाजवणार होते.

पण तुझ्याबद्दलही मला काही म्हणायचं आहे.

मी जुनी रजिस्टरं काढली. नऊ वर्षांपूर्वी याच धातूत, अठ्ठावीस टेस्लाला, साहेबांना पहिली पायरी दिसली होती. त्याच लेखावर ते मोठे झाले. दुसरीकडे कुणालाच ती दिसली नाही, तर म्हणे त्यांचे स्फटिक अशुद्ध. रजिस्टर क्रमांक सात, पान एकशे चौदा. नऊ शॉट. "जागेवर" रकान्यात नऊ वेळा "आहे", आणि नऊ वेळा तुझी सही. ते ठसठशीत अक्षर मी झोपेतही ओळखेन, त्यानेच मला पाटीवर गिरवायला शिकवलंय.

तुला दिसलं नसेल हे मी मानायला तयार नाही. तुला सगळं दिसतं. मग तू मला कोणत्या तोंडाने शिकवत होतीस? होयबा निदान न बघता लिहितो. तू बघून लिहिलंस.

ठमी


११ मे

चि. ठमीस,

बरोबर आहे. बघून लिहिलं.

नऊपैकी सहा वेळा स्फटिक वळलेला होता. वार्निश कच्चं होतं, कारण त्याला घाई होती. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही वर्कशॉपच्या प्रमुख होणार, माझा शब्द आहे. या रकान्याकडे कुणी बघत नाही." त्या वर्कशॉपला तोवर बाई प्रमुख नव्हती. वीस वर्षं मी ज्यांना तार गुंडाळायला शिकवलं, ते एकेक करून माझे साहेब होऊन गेले होते. मला ती खुर्ची हवी होती, ठमे. फार हवी होती. मी नऊ वेळा "आहे" लिहिलं आणि दुसऱ्या महिन्यात खुर्चीत बसले.

दोन वर्षं बसले. पोरं स्फटिक चिकटवायची आणि मी "रात्रभर सुकू द्या" म्हणायची, तेव्हा तो दारातून जाताना हसायचा. नुसता हसायचा. ते हसणं सोसेना म्हणून मी राजीनामा दिला. गुडघे धडधाकट आहेत. रोज चार जिने चढते.

तुम्हा सगळ्यांवर मी एवढी वर्षं नाकाने कांदे सोलले. होयबावर, टाळीवाल्यावर, तुझ्यावर. सर्वांत जास्त ज्याची लाज वाटायला हवी होती ते माणूस माझ्याच आरशात होतं, आणि तिकडे मी बघत नव्हते. तू पान उघडलंस तेव्हा मला शिव्या दिल्यास, बरं केलंस. कमीच दिल्यास.

आता समितीला लिही. नवे स्फटिक आणि जुनं पान, दोन्ही. माझं नाव वगळू नकोस. मला वाचवायला गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

आत्या


१४ मे

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आधीच्या पत्रातला एकही शब्द मागे घेत नाही, पण तसं लिहायला नको होतं असं वाटतं. दोन्ही खरं आहे.

साहेबांनी बोलावलं होतं. अगदी गोड बोलले. "अहवाल द्या, जरूर द्या. मग जुनी रजिस्टरंही उघडावी लागतील. तुमच्या आत्याबाईंना या वयात ते सोसेल का, एवढा विचार करा." त्यांच्या टेबलावर सात नंबरचं रजिस्टर आधीच काढून ठेवलेलं होतं. स्वतःच्या चोरीची पावती हा माणूस दुसऱ्याला भीती घालायला वापरतो! निर्लज्जपणाचं प्रदर्शन भरवलं तर पहिल्या रांगेत बसेल.

पण ते फोन घ्यायला बाहेर गेले. तेवढ्यात मी काय करायचं ते केलं.

अहवाल समितीला दिला आहे. फक्त नव्या स्फटिकांचा, ठिपक्यांच्या फोटोंसह. वीस तारीख कोसळायला तेवढा पुरे. पान एकशे चौदा आता रजिस्टरमध्ये नाही. जाळलेलं नाही, माझ्या कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये आहे. तुझ्या नावाला तो माणूस हात लावू शकणार नाही. तू बोलणार नाहीस म्हणालीस, तर नको बोलूस. मी सोसेन.

ठमी


१७ मे

मूर्ख मुली,

तुझं पत्र आज दुपारी आलं. समितीला मी बारा तारखेलाच लिहिलं आहे. रजिस्टर क्रमांक सात, पान एकशे चौदा, नऊ सह्या, सहा खोट्या. तू माझ्यापायी कच खाशील हे मला माहीत होतं, म्हणून तुझी वाट न पाहता लिहिलं. तुझं नाव त्यात कुठे घातलं नाही, तुझी नोकरी तरी वाचावी म्हणून. आता ते लोक ते पान उघडतील आणि तिथे काय असेल? फाटलेली कड!

आणि ते पान कुणी फाडलं, हे टाळीवाला त्यांना सांगेल. टाळी घेऊन सांगेल. ज्या मुलीने रजिस्टर फाडलं तिच्या सहा ठिपक्यांवर मग कोण विश्वास ठेवील? तुझा खरा अहवाल तू स्वतःच्या हाताने खोटा केलास.

माझ्या अब्रूची राखण करायला तुला कुणी नेमलं होतं? मी खुर्चीसाठी केलं, तू मायेपोटी केलंस, एवढाच काय तो फरक. त्या रजिस्टरला तो फरक कळत नाही. जे तिथे आहे ते नाही असं तू दाखवलंस, जसं जे जागेवर नव्हतं ते आहे असं मी दाखवलं. मी उभा जन्म ज्याची लाज बाळगायची ते काम माझ्या भाचीने माझ्यासाठी करावं? वाचून मी रडले. रागाने रडले, आणि माझ्यासाठी कुणी एवढं करील असं वाटलं नव्हतं म्हणूनही रडले. दुसरं कारण तू विसरून जा.

ते पान घे. ते बोलावतील याची वाट बघू नकोस. आपण होऊन जा, त्यांच्यापुढे ठेव, आणि कुणी फाडलं, का फाडलं ते सांग. नोकरी जाईल. जाऊ दे.

आत्या


२६ मे

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र एकोणीसला पोचलं. त्याच दिवशी पान घेऊन गेले. समितीचे पाचजण लांब टेबलामागे बसले होते, तुझं पत्र मध्यभागी, आणि शेजारी सात नंबरचं रजिस्टर, एकशे तेरानंतर थेट एकशे पंधरावर उघडलेलं. मी पान ठेवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या सकाळच्या सह्यांसकट.

साहेब तुझ्या भाकिताप्रमाणेच बोलले. "जी मुलगी पान फाडते, तिचा ठिपका खरा कशावरून?" हनुवटी वर. प्रश्न योग्य होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी योग्य प्रश्न विचारला आणि तो माझ्यामुळे.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांच्या, चष्मा गळ्यात अडकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "कशावरून कशाला? आमच्यासमोर करा." वीस तारखेचा समारंभ पुढे ढकलला, आणि त्याऐवजी दोन दिवस त्या पाचजणांनी खाली मॅग्नेटच्या खोलीत खुर्च्या टाकल्या.

आधी साहेबांच्या रीतीने, दोन तास सुकवून. कपॅसिटर भरले, सगळे भिंतीमागे गेलो, ठक्क आवाज झाला आणि पडद्यावर पायरी आली. होयबा चक्क "अभिनंदन" म्हणाला. मग बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. बराच वेळ काढलाच नाही. शेवटी म्हणाल्या, "बारा अंश," आणि उठून साहेबांना बसायला जागा दिली. साहेबांनी बघितलं. "हा नमुना वेगळा असावा," म्हणाले, आणि टाळीसाठी थांबले की काय कोण जाणे, पण बाईंनी तोवर बारा हा आकडा लिहून घेतला होता.

मग तुझ्या रीतीने, जुन्या रजिस्टरात तू लिहून ठेवली आहेस तशी. वार्निशचा पातळ थर, स्फटिक बोटाने न दाबता चिमट्याने टेकवायचा, कडेने वार्निशचा दुसरा हात, आणि रात्रभर सुकू द्यायचा. खोलीला बाईंनी कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी तीन शॉट झाले. तिन्ही वेळा रेघ सरळ गेली. चाळीस टेस्ला, पंचेचाळीस, पन्नास, पायरीचं नाव नाही. आमच्या धातूत नवी अवस्था वगैरे काही नाही, आत्या. तो बिचारा जुन्याच बैठकीत शांत बसलेला आहे. थकलेलाही नाही.

जाहीर करणं रद्द झालं. नऊ वर्षांपूर्वीचा लेख मागे घेतला जाईल. साहेब रजेवर गेले आहेत. परत येतील, असली माणसं येतात. समितीच्या टिपणात तुझं नाव आहे, खोट्या सह्या करणारी म्हणून, आणि माझं आहे, पान फाडणारी म्हणून. एकाखाली एक. माझी नोकरी ऑगस्टअखेर संपेल. बाईंनी तोंडावर सांगितलं की कायम करण्याची शिफारस त्या करू शकत नाहीत, आणि मी म्हटलं, मीही केली नसती. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते काम तू कर, तुला त्यांना बोलता येतं.

शेवटच्या शॉटनंतर स्फटिक मी बाहेर काढला, सगळ्यांना एकेक करून दाखवला, ठिपक्यासमोर ठिपका. मग रजिस्टर ओढून रकान्यात "आहे" लिहिलं आणि सही केली. अध्यक्ष बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "चिकटवायला शिकलात कुणाकडून? आमच्याकडेही असं कुणी बसवत नाही." मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पान एकशे चौदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्याच का त्या?"

मी म्हणाले, "हो, ह्याच."

तुझी,
ठमी